गाडीला गंज धरलाय, वरून रंग मारून भागेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. २०१३ ची पांढरी हॅचबॅक, एमएच-४३ पासिंग, ऐरोलीत सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीला काठाकाठाने रंग फुगलाय, दोन-तीन फुगे नाण्याएवढे. त्याच बाजूच्या मागच्या दाराला खालच्या कडेने तपकिरी रेघ, आणि पाणी मारलं की तिथून गंजाचा ओघळ येतो. बॉनेटवर खडी लागून दोन ठिपके. एक गॅरेजवाला म्हणतो घासून पुट्टी मारून रंगवून देतो, अडीच हजार, संध्याकाळी गाडी न्या. दुसरा म्हणतो कमानीचा पत्रा कापायचा, दार बदलायचं, अठरा हजार. तुम्ही तोवर ऑनलाइन रस्ट कन्व्हर्टरची बाटली मागवलीय आणि विचारताय की ती फुग्यांवर लावून वरून टचअप केला तर चालेल का, दोघांपैकी लुटतोय कोण, आणि पाऊस तोंडावर आलाय तर कव्हर घालून ठेवू का.

आमचं तुर्भ्याला डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, त्यामुळे हे रोजचंच. अडीच आणि अठरा हे एकाच कामाचे दोन भाव नाहीत. पहिला रंगाचा भाव सांगतोय, दुसरा पत्र्याचा. तुमच्या गाडीला त्यातलं काय लागेल ते जागा खरवडून बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि नुसता फोटो बघून जो छातीठोकपणे आकडा सांगतो त्याच्यापासून जरा जपून राहा. पण एवढं नक्की सांगतो की तुमच्या गाडीवरचा गंज दोन जातीचा आहे. बॉनेटवरचे ठिपके बाहेरून आत गेलेत. कमानीवरचे फुगे आणि दाराखालची रेघ आतून बाहेर आलीय. बाहेरून आलेला गंज बाहेरून काढता येतो. आतून आलेला नाही, बाथरूमची ओल बेडरूमच्या भिंतीला भारीतला पेंट मारून थांबत नाही तसंच. म्हणजे खरा प्रश्न कुठला रंग, कुठली बाटली हा नाहीच, पाणी कुठून शिरतंय आणि कुठे अडकून बसतंय हा आहे. ते सापडलं नाही तर अडीच हजारही वाया आणि अठराही.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांचं काम, ते सगळ्यांना माहीत असतं. पण दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून वर ढकलतो आणि फुगा येतो. तुम्हाला फुगा दिसतो तेव्हा रंगाखाली तो फुग्याच्या दुप्पट-तिप्पट पसरलेला असू शकतो, आणि आजकालच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा असतो साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, त्यामुळे खायला फार काही नसतंच. दुसरी गोष्ट मिठाची. मिठाने पाण्यातून करंट सहज वाहतो आणि गंजाचा वेग वाढतो, आणि मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसतानाही ती जागा पूर्ण सुकत नाही. ऐरोलीला तुमच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचा पट्टा. नवी मुंबईतले कितीतरी सेक्टर भरणी करून उभे केलेत, भरतीच्या वेळी पाऊस आला की पाणी कुठे जाणार म्हणून सिडकोला धारण तलाव ठेवावे लागले, तर अशा साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की खालून काय काय शिंपडलं जातं याचा विचार करा. त्यात सोसायटीत बोअरचं पाणी असेल आणि रोज सकाळी त्याच पाण्याने गाडी पुसली जात असेल तर क्षार आणखी वाढले. पुण्याच्या आणि आमच्या इकडच्या सारख्याच वयाच्या दोन गाड्या लिफ्टवर घेतल्या की खालून बघूनच कळतं कुठली कुठली आहे.

आता कमान. मागच्या चाकाच्या वरचा जो गोल काठ आहे तिथे दोन पत्रे एकत्र येतात, बाहेरचा पॅनेल आणि आतलं व्हीलहाऊस, त्यांचे काठ एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं आणि सांध्यात सीलर भरलेला असतो. काठ आतल्या बाजूला वळवलेला असतो आणि त्या वळणावर चाकाने उडवलेला चिखल जाऊन बसतो. पुढच्या चाकांना बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचं लायनर असतं, मागच्याला बऱ्याच स्वस्त गाड्यांत नसतं. चिखल वरून सुकलेला दिसतो पण आतून दमट राहतो, सीलरला कुठे तरी बारीक चीर पडते, पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरतं आणि तिथे ना ऊन ना वारा. तुम्ही किंवा आधीच्या मालकाने काठाला प्लास्टिकचं क्लॅडिंग किंवा मडफ्लॅप बसवून घेतले असतील तर ते आधी उघडून बघा. ॲक्सेसरीवाले ड्रिलने सरळ भोक पाडून स्क्रू मारतात, भोकाच्या कडेला ना प्रायमर ना काही, उघडा पत्रा. निम्म्या फुग्यांचं मूळ आम्हाला अशा स्क्रूपाशी सापडतं.

दाराचं तर आणखी सोपं आहे. काचेवरून उतरणारं पाणी काचेच्या रबरातून दाराच्या आत जातंच, जायलाच पाहिजे, ते बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून दाराच्या तळाला दोन-तीन पाणी जायची भोकं ठेवलेली असतात. ती बुजली की दार म्हणजे बादली. आणि तळालाच बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, त्या दुमडीत पाणी बसून राहतं. आमच्याकडे एक जुने डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, ते असं दार आलं की रंगाकडे बघतही नाहीत, खिशातून सायकलची तार काढतात आणि खालून भोकात घालून फिरवतात. परवाच एका दारातून आधी काळा गाळ आला, मग गुलमोहराच्या त्या बारीक बारीक पानांचा भिजलेला लगदा, आणि मग जवळजवळ तांब्याभर लालसर पाणी भळाभळा खाली, तेही मे महिन्यात, पाऊस नसताना. ते बहुतेक धुण्याचं पाणी. तुमची गाडी झाडाखाली उभी असेल तर काचेच्या खाली वायपरपाशी जी जाळी असते तिथलाही कचरा काढा, तिथलं पाणी जायचे मार्ग तुंबले की पाणी थेट आत पायाखाली येतं.

आता तुम्ही घरी काय तपासायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं यावर ठरणार. एक मध्यम स्क्रूड्रायव्हर घ्या. कमानीच्या काठाला आतून हात घालून चिखल काढा, नीट धुवा, सुकू द्या, मग फुग्याच्या मागच्या बाजूने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. खरवडलं तर पावडर निघते पण खाली टणक लागतंय, म्हणजे पत्रा अजून शाबूत आहे. टोक आत रुतलं किंवा पापुद्रे सुटून आले तर पत्रा गेला, तिथे पुट्टीचा विषयच संपला. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याच भागावर हलकं ठोकत जा, चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला किंवा पुट्टी भरलेला बद्द आवाज देतो. फ्रिजवरचा पातळ मॅग्नेट फिरवून बघा, जिथे तो पकडतच नाही तिथे आधीच कोणीतरी जाड पुट्टी भरून ठेवलीय. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे उजव्या बाजूलाही करा.

त्यानंतर तीन जागा, ज्या दिसायला काही वाटत नाहीत पण माझ्या दृष्टीने फुग्यांपेक्षा जास्त महत्त्वाच्या. दारांच्या खालचा लांब पट्टा, ज्याला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो, त्याच्या खाली जॅक लावायची जागा. तिथला पत्रा दाबला जातोय का. दुसरी, डिकीतलं स्टेपनीचं भांडं, स्टेपनी बाहेर काढून खाली पाणी किंवा गंज आहे का बघा, टेललॅम्पच्या रबरातून पाणी तिथेच येतं. तिसरी, पुढच्या पायाखालचं कार्पेट, हात घालून दाबा, ओलं लागलं तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय किंवा वरून पाणी येतंय. हे बघायचं कारण असं की कमान किंवा दार सडलं तर गाडी वाईट दिसते, पण रनिंग बोर्ड, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरतं ती जागा, सीटबेल्ट जिथे बोल्ट केलाय ती जागा सडली तर अपघातात गाडी हवी तशी साथ देत नाही. तिथे गंज निघाला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते, आणि त्यासाठी नाक्यावरचा पेंटर नको, चांगलं मिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात तार वितळवून पत्रा जोडणं) करणारा डेंटर हवा. एवढं ऐकून घाबरू नका, तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तिथपर्यंत गेलं असेलच असं नाही, पण बघायला दहा मिनिटं लागतात. आणि हो, ब्रेकच्या डिस्कवर पावसानंतर जो केशरी थर दिसतो तो दोन ब्रेक मारले की जातो, त्याची काळजी नको.

तुमची बाटली. रस्ट कन्व्हर्टरमध्ये साधारण टॅनिक ॲसिड किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते लोखंडाच्या ऑक्साइडशी रिॲक्ट होऊन काळा, स्थिर थर बनवतं. चांगली वस्तू आहे, मी वापरतो. पण ते रंगावर लावून काही होत नाही, आणि जाड पापुद्र्यांवर लावलं तर फक्त वरचा थर काळा होतो, खाली गंज आपलं काम चालू ठेवतो. म्हणजे आधी फुगा फोडायचा, सुटा गंज सगळा काढायचा, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, आणि इतकं करूनही पत्र्यात जे सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे राहतात त्यांच्यासाठी कन्व्हर्टर. त्याचं काम तेवढंच. फॉस्फोरिकवालं असेल तर बाटलीवर लिहिलंय तसं उरलेलं नीट पुसून किंवा धुऊन काढा, कारण ॲसिड मागे राहिलं तर इपॉक्सी प्रायमर (उघड्या पत्र्यावर ओल अडवणारा पहिला थर) नीट पकडत नाही. आणि ग्लोव्हज घाला.

बॉनेटचे ठिपके मात्र तुम्ही स्वतः करा, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. घोडबंदरला डंपरच्या मागे चार दिवस गाडी चालवली की असे ठिपके कोणाच्याही बॉनेटवर पडतात. कोरडा दिवस बघा, सकाळी दव गेल्यावर. जागा धुवून पूर्ण सुकवा, भोवती मास्किंग टेप लावा, ब्लेडच्या टोकाने गंज आणि सुटलेला रंग खरवडा, मग ८० नंबरचा पेपर पेन्सिलच्या मागच्या टोकाला गुंडाळून फक्त तेवढ्याच जागी, नंतर १८० ने कडा अशा घासा की रंग आणि पत्रा यांच्यामध्ये पायरी लागणार नाही. हे सगळं कोरडं घासायचं, उघड्या पत्र्यावर पाणी नको. थिनरचा किंवा आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फडका मारून सुकला की त्याच तासाभरात इपॉक्सी प्रायमर, ब्रशने पातळ दोन हात. आपल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक आलेली असते, मग परत पहिल्यापासून. प्रायमर वाळला की ४०० ने हलका घासून रंग आणि वर क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. रंगाचा कोड बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, तो सांगून रंगाच्या दुकानातून छोटी बाटली बनवून घ्या, पण इतक्या वर्षांत पांढरा उन्हाने थोडा पिवळट झालेला असतो, त्यामुळे अगदी सेम टू सेम होणार नाही. बॉनेटवर तेवढा ठिपका कोण बघतंय. एकच सांगणं, हार्डनर घालायचा टू-के क्लिअर स्प्रेने मारणार असाल तर नुसता साधा कापडी मास्क लावून मारू नका आणि बेसमेंट पार्किंगमध्ये तर अजिबात नको, त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना वाईट.

कमान गॅरेजलाच द्यायची, पण काय काम करायचं ते तुम्ही सांगायचं. पत्रा टणक लागला असेल तर ग्राइंडरने चांगला पत्रा लागेपर्यंत साफ करून, इपॉक्सी, वर पातळ पुट्टी, सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग एकसारखा करणारा थर), रंग, क्लिअर, एवढ्यात होईल. भोक पडलं असेल किंवा जाळी झाली असेल तर सडलेला भाग कापून, आतला पत्रा साफ करून, मापाचा पॅच बनवून मिगने टाकायचा. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे वेल्ड करण्याआधी झिंकचा प्रायमर, नंतर सीलर. जाळी-फायबर आणि पुट्टी भरून भोक बुजवणारे बरेच असतात, त्या दिवशी एकदम झकास दिसतं. पण पुट्टी ही स्पंजासारखी पाणी पिते. मागून पाणी येतच राहिलं की पुट्टी ते धरून ठेवते आणि एखाद्या पावसाळ्यात अख्खा गोळा सुटून हातात येतो. तुमचा अडीच हजारवाला बहुधा हेच करणार, संध्याकाळी गाडी न्या म्हणतोय यावरूनच कळतं, कारण इपॉक्सी, पुट्टी, सरफेसर प्रत्येकाला वाळायला वेळ द्यायचा तर कमान एका दिवसात होत नाही. तो लुटत नाहीये, तो तेवढ्या पैशात जेवढं होतं तेवढं देतोय.

आणि आमच्या लाइनीतली एक सवय मला अजिबात पटत नाही. पत्रा घासायचा, त्यावर थेट पुट्टी लावायची आणि पुट्टी पाणीपेपरने पाणी मारत मारत घासायची. धूळ उडत नाही, काम पटकन होतं, म्हणून सगळे करतात. पण पुट्टी पाणी पिते, खाली उघडा पत्रा, वर लगेच सरफेसर मारून झाकण लावलं, म्हणजे गंज आपणच आत पॅक करून दिला. पुट्टीखाली इपॉक्सी हवा आणि पुट्टी कोरडीच घासायची, पाणी लागतं ते वरचा सरफेसर घासताना. गॅरेजवाल्याला दोनच प्रश्न विचारा, पुट्टीच्या खाली काय लावणार आणि मागच्या बाजूने काय लावणार. पहिल्याला इपॉक्सी म्हणाला आणि दुसऱ्याला न अडखळता उत्तर दिलं तर माणूस कामाचा. रंग चढवायच्या आधी उघड्या पत्र्याचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका म्हणावं, चांगला कारागीर उलट खूश होऊन पाठवतो.

वेल्डिंग होणार असेल तर बॅटरी काढायला सांगा आणि आतलं ट्रिम, कार्पेट, सीट बाजूला करून घ्या. पेट्रोल टाकीचं तोंड त्याच डाव्या बाजूला असेल तर त्याचा पाइप कमानीच्या आतूनच खाली जातो, तिथे ठिणगी म्हणजे खेळ नाही, पाइप सोडवून किंवा नीट झाकून, आग विझवायचं सिलिंडर शेजारी ठेवूनच काम व्हायला हवं. सगळं झालं, रंग वाळला, की शेवटी कॅव्हिटी वॅक्स. हे पातळ मेणासारखं असतं, लांब नळीने आतल्या पोकळीत फवारायचं, ते सांध्यात झिरपतं आणि पाण्याला जागा देत नाही. आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं आणि त्याचा अंश रंगाच्या जागी गेला तर रंगाला डोळे (बारीक गोल खड्डे) पडतात, म्हणून शेवटीच. अठरावाल्याच्या कोटेशनमध्ये हे आहे का विचारा. नसेल तर त्याचेही अठरा मला जास्तच वाटतात.

दाराचं सगळं त्या दुमडीवर आहे. दुमड सरळ असेल, नुसती रेघ असेल तर भोकं मोकळी करून, आतलं ट्रिम काढून, दोन-तीन दिवस उन्हात सुकवून, बाहेरून घासून इपॉक्सी आणि आतून वॅक्स, तेवढ्यावर दार बरीच वर्षं जातं. दुमड फुगून जाड झाली असेल तर आतला गंज कोणत्याही बाटलीने निघत नाही, तिथे बाहेरची स्किन बदलायची किंवा दारच. नवीन दार महाग पडतं, त्यापेक्षा कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्या पार्टच्या बाजारात त्याच मॉडेलचं पांढरंच दार मिळालं तर रंगाचा खर्चही कमी होतो. मात्र घेताना आधी खालच्या दुमडीवर बोट फिरवा, नाहीतर तुमच्यापेक्षा सडलेलं दार घेऊन याल.

किती खर्च करायचा हे गाडी किती ठेवायची त्यावर आहे, ते मी नाही ठरवू शकत. तुमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं म्हणजे २०२८ पर्यंत. पुढे ठेवायची तर फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू करावं लागतं, तेव्हा खालून सडलेली गाडी अडचणीत येते. तोवर चालवून काढून टाकायची असेल तर कमानीचं काम साधं करा, दाराची भोकं मोकळी ठेवा आणि विकताना घेणाऱ्याला खरं सांगा. आणखी सात-आठ वर्षं चालवायची असेल तर एकदाच नीट करा. इन्शुरन्समधून होईल अशी आशा ठेवू नका, गंज हा झिजेत धरतात, क्लेममध्ये बसत नाही.

पाऊस आता तोंडावर आहे, आणि पावसात मोठं रंगकाम मी स्वतःच्या गाडीचंही काढत नाही, बंद बूथ आणि ड्रायर असलेलं गॅरेज असेल तर गोष्ट वेगळी. हवेत ओल असली की क्लिअरवर पांढरट झाक येते आणि पत्रा घासता घासता परत गंजतो. म्हणून सध्या फक्त थांबवायचं काम करा: दाराची भोकं तारेने मोकळी करा, कमानीच्या आतला चिखल पाण्याच्या जोराने काढा, चार दिवस कडक उन्हात सुकवा, फुगे फोडून खरवडून कन्व्हर्टर, वर इपॉक्सीचे दोन हात, आतून वॅक्स (पुढे कमानीला वेल्डिंग करायची वेळ आली तर ते आधी साफ करून घ्या). दिसायला भिकार दिसेल, काळी-करडी ठिगळं, पण नोव्हेंबरपर्यंत गंज फारसा पुढे सरकणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे या कामाला सगळ्यात बरा काळ, तेव्हा निवांत कापाकापी करा.

पावसाच्या आधी लोक धावत अंडरबॉडी कोटिंग करून घेतात, त्याबद्दल. स्वच्छ, कोरड्या पत्र्यावर मारलं तर उपयोगी आहे. तुमच्यासारख्या गाडीवर चिखल आणि गंज न काढता काळं कोटिंग फवारलं तर ओल आत बंद होते आणि बऱ्याचदा पाणी जायची भोकंही बुजतात. जुने लोक जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खाली मारायचे, ते रबराच्या बुशांना खातं आणि पार्किंगमध्ये टपकत राहतं, नको. बॅटरीला जोडायचा गंज थांबवणारा डबाही कोणी विकत असेल तर घेऊ नका, जहाज पाण्यात असतं आणि पाइपलाइन मातीत असते म्हणून तिथे करंटची युक्ती चालते, तुमची गाडी हवेत उभी असते. बाहेरून सिरॅमिक किंवा टेफ्लॉन कोटिंग केलंत तर गाडी चमकेल, दाराच्या आतल्या गंजाला त्याने काही फरक पडत नाही.

कव्हर पावसाळ्यात उघड्यावर नको. कव्हर भिजतं, आतून सुकत नाही, वारा आला की ओल्या धुळीसकट रंगावर घासतं. उघडी राहू द्या, पाऊस वरून पडून वाहून गेला तर फारसं बिघडत नाही. त्यापेक्षा रोज सकाळी पुसणाऱ्याला सांगा की बादलीने दाराच्या काठावर पाणी ओतू नको, आणि पंधरा दिवसांतून एकदा नळाच्या गोड्या पाण्याची पाइप घेऊन चारही कमानींच्या आत आणि रनिंग बोर्डच्या खाली मारा. धुऊन झालं की गाडी लगेच उभी करून ठेवू नका, पाम बीचवरून एक चक्कर मारून आणा आणि दारं थोडा वेळ उघडी ठेवा. स्क्रूड्रायव्हरचं काय झालं ते लिहा, आणि जमलं तर दाराच्या खालच्या दुमडीचा बाजूने फोटो काढा, समोरून नको, समोरून सगळीच दारं चांगली दिसतात.